संगणकाच्या पोटातला धूर

या वेळच्या टपालात धुराविषयी एकदम पाच पत्रे निघाली आणि पाचही नाशिक परिसरातली आहेत. त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतला मजकूर उत्तरासाठी लागेल तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : गंगापूर रोडवर आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. माझे ज्येष्ठ भागीदार आपल्या केबिनमध्ये बसून दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतात. त्यांच्या टेबलाखालचा संगणक एप्रिलपासून दुपारच्या वेळी आपोआप बंद पडू लागला आहे. त्याच दिवशी, त्याच दुकानातून घेतलेले बाहेरच्या खोलीतले दोन संगणक मात्र व्यवस्थित चालतात. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॅबिनेट उघडताच, "इथं कोणी सिगारेट ओढतं का?" असे विचारले आणि धुरानेच मशीन खराब झाले असे सांगितले. भागीदारांच्या मते ही दुरुस्तीवाल्यांची ठरलेली सबब आहे. खरे काय समजावे? आमच्या अशिलांची सगळी माहिती त्या हार्ड डिस्कवर आहे. तिलाही धोका आहे का?

उत्तर : एकाच दिवशी घेतलेल्या तीन यंत्रांपैकी नेमके धुरात बसलेले यंत्र बंद पडावे, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. त्या मुलाचे निदान बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. फक्त 'धुराने खराब झाले' या त्याच्या बोलण्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरच दुरुस्ती किती आणि खर्च किती हे ठरते.

धूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वायू येतो. सिगारेटच्या धुरात वायू असतातच, पण आपल्याला जो दिसतो तो हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांचा लोट असतो. या थेंबांचा आकार साधारणपणे ०.१ ते १ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीपुढे अगदीच नगण्य असतो. त्यांत पाणी आणि निकोटिन असते, आणि 'टार' या नावाने ओळखला जाणारा डांबरासारखा चिकट ऐवज असतो. ओढणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर निदान फिल्टरमधून तरी जातो. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात ॲशट्रेच्या कडेवर धुमसत राहिलेल्या टोकाचा धूर मात्र कसल्याही गाळणीविना थेट खोलीत पसरतो, आणि संगणकाच्या वाट्याला मुख्यतः हाच धूर येतो.

आता संगणक किती हवा ओढतो ते पाहा. कॅबिनेटचा १२० मिलिमीटरचा साधा पंखा मिनिटाला ४० ते ५० घनफूट हवा हलवतो. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची केबिन म्हणजे १,००० घनफूट हवा. याचा अर्थ, वीस-पंचवीस मिनिटांत खोलीभर हवेएवढी हवा त्या पेटीतून आरपार जाते आणि कामाच्या आठ तासांत हे सुमारे वीस वेळा घडते. त्या खोलीत भागीदारांच्या खालोखाल सिगारेट कोणी ओढत असेल तर तो त्यांच्या पायाशी ठेवलेला संगणक!

धुराचे बहुतेक कण मागच्या बाजूने निघूनही जातात. थोडे मागे राहतात आणि पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा पातळ पात्यांचा धातूचा ठोकळा), मदरबोर्डवर त्यांचा पातळ, पिवळसर चिकटा बसतो. नुसत्या या चिकट्याने संगणक बंद पडला असता, तर आपल्याकडचे निम्मे संगणक कधीच भंगारात गेले असते. खरी भानगड चिकटा आणि धूळ यांच्या संगनमताने होते. कोरडी धूळ ब्लोअर मारला की उडते, पण चिकट्यावर बसलेली धूळ जागची हलत नाही. तिच्यावर पुन्हा चिकटा, चिकट्यावर पुन्हा धूळ, असे थर चढत जातात. नाशिकरोडच्या एका निवृत्त गृहस्थांचा संगणक मी मागे उघडला होता. त्याच्या प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर खालच्या हीटसिंकवर तपकिरी-करडा थर दिसला. ब्लोअर मारून पाहिला, तो हलेना. शेवटी चिमट्याने त्याचा एक कोपरा धरून ओढला, तेव्हा पंख्याच्या आकाराची एक गोल चकती सलग निघून आली. ती घोंगडीच्या तुकड्यासारखी दाट होती आणि बोटांना मेणचट लागत होती. तिच्याखाली ॲल्युमिनियमची पाती जवळपास नव्यासारखी चकाकत होती. धातूला काही झाले नव्हते, हवेची वाट तेवढी बुजली होती.

वाट बुजली की उष्णता आत साठते. प्रोसेसर तापला की आधी तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेरची हवाच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा सकाळी चालणारे यंत्र दुपारी का झोपते याचे उत्तर यातच आले. एकाएकी बंद पडण्यापेक्षा मंद गतीने होणारे नुकसान मला जास्त चिंतेचे वाटते. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीत, वीज साठवणारे जे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला रूढ आडाखा आहे. म्हणजे जे यंत्र आठ वर्षे चालायचे, ते चौथ्या-पाचव्या वर्षीच कुरकुरू लागते आणि दोष मात्र कंपनीच्या माथी जातो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. हा थर हवेतला दमटपणा धरून ठेवतो, आणि ओलसर झालेला मळ पूर्वीइतका विद्युतरोधक राहत नाही. रॅमच्या आणि जोडण्यांच्या पट्ट्यांवर तो साचला तर संपर्क कच्चा होतो. यंत्र कधी सुरू होते, कधी नुसती बीप देते, आणि मग रॅम काढून खोडरबराने पुसली की पुन्हा चालते. पावसाळ्यात ज्यांच्याकडे हा प्रयोग दर पंधरा दिवसांनी होतो, त्यांनी खोलीच्या हवेचा विचार जरूर करावा.

आता हार्ड डिस्क. संगणकाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एक चित्र हटकून असे : फिरणारी तबकडी, तिच्यावर अधांतरी तरंगणारे, माहिती वाचणारे-लिहिणारे हेड, आणि त्या फटीपुढे डोंगराएवढे दाखवलेले केस, धुळीचा कण आणि सिगारेटच्या धुराचा कण. भागीदारांना घाबरवण्यासाठी हे चित्र फार चांगले आहे, पण आजच्या हार्ड डिस्कला ते जसेच्या तसे लावता येत नाही. तबकड्यांचे गठ्ठे हाताने काढून दुसऱ्या यंत्रात बसवण्याच्या काळात धूर थेट तबकडीपर्यंत पोहोचू शकत असे. १९७३ मध्ये आयबीएमने 'विंचेस्टर' या नावाने ओळखली जाणारी ३३४० ही डिस्क आणली, तिच्यात हेड आणि तबकड्या एकाच बंद डबीत होत्या, आणि पुढे तीच पद्धत सार्वत्रिक झाली. आज हेड आणि तबकडी यांच्यातली फट अवघी काही नॅनोमीटर उरली आहे, धुराचा कण तिच्या कितीतरी पट मोठा आहे, हे खरे. पण तो कण आत जाईल तेव्हा ना! डबीला हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी एक बारीकसे छिद्र असते, त्याच्या आत गाळणी असते, आणि ते झाकू नका अशी सूचना बहुधा डिस्कवर छापलेली असते. २०१३ पासून बाजारात आलेल्या हेलियम भरलेल्या डिस्कमध्ये तर हेही छिद्र नाही, आणि चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. तेव्हा धूर तबकडीवर बसून अशिलांची माहिती जाईल ही भीती सोडून द्या. धोका आहे तो उष्णतेचा आणि पुन्हा पुन्हा अचानक बंद पडण्याचा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून दुरुस्ती होण्याची वाट न पाहता आजच त्या माहितीची दुसरी प्रत करून ठेवा.

दुरुस्ती म्हणाल तर मदरबोर्ड बदलण्याची घाई करू नका. आधी संपूर्ण सफाई, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन आणि गरज पडल्यास दोन पंखे नवीन, एवढे करून आठवडाभर पाहा. कॅबिनेटच्या तोंडाशी जाळीची गाळणी लावण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. ती धुळीला उपयोगी आहे, पण धुराचे कण तिच्यातून बिनदिक्कत जातात. रुग्णालयात वापरतात त्या हेपा गाळण्यांची परीक्षासुद्धा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतली जाते, कारण त्या आकाराचे कण अडवणे सर्वांत अवघड असते. सिगारेटच्या धुराचे पुष्कळसे कण याच आकाराच्या आगेमागे असतात.

भागीदारांना एक गोष्ट आपण सांगू शकता, आणि ती सांगायला संगणकाची आड घेण्याचे कारण नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार कार्यालय हेही सार्वजनिक ठिकाणच धरले जाते. तेथे धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावरही जबाबदारी येते. करसल्लागारांना कायद्याचे कलम काढून दाखवण्याचा प्रसंग यावा, हे थोडे गमतीचे आहे खरे.

प्रश्न : सातपूरला माझे संगणक आणि लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. महिन्यातून दोन-तीन मशीन अशी येतात की उघडल्याबरोबर वासाने डोके दुखते. हा चिकटा काढण्याची योग्य पद्धत कोणती? सहकारी थिनर वापरतो. आणि अशा मशीनवर काम करणे आमच्या तब्येतीला घातक आहे का?

उत्तर : थिनर आधी बंद करा. तो चिकटा काढतो, पण त्याच्याबरोबर प्लास्टिकचा पृष्ठभाग, कीबोर्डवरची अक्षरे आणि कधी कधी तारांचे आवरणही खातो. दुकानात आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, असेलच. तो ९९ टक्के शुद्ध घ्या, कारण ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले पाणी असते आणि बोर्डाला तेच नको असते. मऊ ब्रश आयपीएमध्ये बुडवून चिकटा सैल करायचा, लगेच कापडाने टिपायचा, आणि कापड सतत बदलायचे, नाहीतर एका जागेचा टार दुसऱ्या जागी पसरतो. ब्लोअर शेवटी मारायचा. आधी मारलात तर चिकट धूळ आणखी खोल जाऊन बसते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरून बेअरिंग जाते. कॉम्प्रेसर वापरत असाल तर पावसाळ्यात त्याच्या टाकीत साचलेले पाणी काढल्याशिवाय नळी बोर्डाकडे वळवू नका. आयपीए झटकन पेट घेतो, म्हणून सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. एसएमपीएस उघडायचाच असेल तर प्लग काढल्यानंतरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या पुढे दाब राहू शकतो, हे नव्या मुलांना बजावून सांगा.

स्क्रीनला आयपीए लावू नका. तिच्यावरचा चकाकी कमी करणारा लेप त्याने जातो. शुद्ध पाण्याने किंचित ओलसर केलेला मायक्रोफायबरचा कपडा पुरतो, फक्त दोन-तीन वेळा हात फिरवावा लागतो.

तब्येतीबद्दल आपण विचारलेत ते बरे केलेत, कारण या बाजूकडे सहसा कोणी पाहत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या संगणक कंपनीच्या सेवा केंद्रांनी धूम्रपान करणाऱ्या ग्राहकांच्या यंत्रांना वॉरंटी असूनही हात लावायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. आतले अवशेष कारागिरांच्या आरोग्याला अपायकारक आहेत, हे कारण देण्यात आले. तेव्हा अनेकांनी याची टिंगल केली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवून दिले की पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनची खोलीच्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन नायट्रोसमाइन वर्गातली कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. यावरून एखादा लॅपटॉप उघडल्याने आजार होईल असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल, पण वर्षानुवर्षे रोज हाताळणाऱ्याने काळजी घ्यावी एवढे नक्की. नायट्राइलचे हातमोजे घाला, मास्क लावा, ब्लोअर दुकानाबाहेर ओट्यावर मारा, आणि चहाला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा. अशा मशीनच्या सफाईचे पैसे जास्त घ्यायला आणि ते का जास्त आहेत हे ग्राहकाला आधी सांगायला मुळीच संकोच करू नका.

प्रश्न : मला जुने संगणक जमवण्याचा छंद आहे. नुकताच नव्वदच्या दशकातला एक मॉनिटर आणि कीबोर्ड मिळाला, पण दोन्ही हळदीसारखे पिवळे पडले आहेत. हा सिगारेटचा परिणाम असे विकणाऱ्याने सांगितले. तो धुऊन जाईल का? (वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : दोन मिनिटांची परीक्षा सांगतो. कापसाचा बोळा आयपीएमध्ये भिजवून कोपऱ्यात घासा. बोळा चहाच्या रंगाचा झाला आणि खालचे प्लास्टिक उजळले तर तो टार आहे, पूर्ण निघेल. बोळा स्वच्छच राहिला तर सिगारेटीवर आळ आहे. त्या काळातल्या एबीएस प्लास्टिकमध्ये ते सहज पेटू नये म्हणून ब्रोमिनयुक्त द्रव्ये मिसळत असत, आणि ऊन व उष्णता यांनी असे प्लास्टिक आतूनच पिवळे होते. धुण्याने तो रंग जात नाही. हौशी मंडळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून तो उतरवतात, पण बरेचदा वर्ष-दोन वर्षांत पिवळेपणा परत येतो, शिवाय पेरॉक्साइडने त्वचा भाजते.

मॉनिटर काचेच्या नळीचा असल्याने एक इशारा. त्या नळीवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि स्थिर विजेमुळे ती धूळ व धूर दोन्ही स्वतःकडे खेचते. धूम्रपान चालणाऱ्या घरातल्या जुन्या टीव्हींच्या आत सर्वांत जाड काळपट थर उच्च दाबाच्या तारेभोवतीच सापडतो, तो याच कारणाने. या मॉनिटरची पाठ जाणकाराशिवाय उघडू नका, चालू करून पाहण्याचा मोहही आवरा.

प्रश्न : आमच्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही. पण देवघराशेजारीच मुलाचे अभ्यासाचे टेबल आहे आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, श्रावणात धूपही असतो. त्याच्या लॅपटॉपचा पंखा हल्ली फार आवाज करतो. (वाचक, पंचवटी)

उत्तर : ताई, यंत्राला धुराची जात कळत नाही. उदबत्तीच्या धुरातही सूक्ष्म कण आणि चिकट तेलकट द्रव्ये असतात, आणि फोडणीच्या वाफेतही ती असतात. पूजेला हात न लावता टेबल तेवढे खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवा, धूप लावताना लॅपटॉप बंद करून झाकून ठेवा, आणि एकदा त्याचा पंखा साफ करून घ्या. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरण्याची सवय मुलाला असेल तर निम्मा दोष तिचा असू शकतो.

प्रश्न : वडील १९८५ च्या सुमारास घेतलेल्या कॅसेट डेकवर आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवत. ते सतत सिगारेट ओढत. डेक वीस वर्षे बंद होता. आता लावला तर आवाज दबका येतो आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवले की खरखर होते. कॅसेटी खराब झाल्या असतील का? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : या वर्णनावरून दोष डेकचा वाटतो, कॅसेटी बहुधा ठीक असाव्यात. मात्र ओव्यांची कॅसेट तूर्त त्या डेकमध्ये घालू नका. आवाज दबका येतो तो बहुधा हेडवर जमलेल्या तपकिरी थरामुळे. फीत आणि हेड यांच्यात केसाहून बारीक अंतर पडले तरी वरच्या पट्टीतले स्वर आधी नाहीसे होतात, त्यामुळे आजींचा आवाज गोधडीआडून आल्यासारखा वाटत असेल. कापसाच्या काडीला आयपीए लावून हेड आणि त्याशेजारची धातूची बारीक फिरती दांडी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. फीत दाबून धरणारे रबरी चाक मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे, कारण जुने रबर आयपीएने कडक होऊ शकते. ते आधीच भेगाळले किंवा चिकट झाले असेल, किंवा आतले रबरी पट्टे सैल पडले असतील, तर बदलूनच घ्या. बटणाची खरखर विजेच्या उपकरणांसाठी मिळणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्याने आणि बटण पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवल्याने सहसा जाते. फवारा डेकचा प्लग काढूनच मारा आणि वाळायला तासभर द्या.

एवढे झाले की घरातली एखादी निरुपयोगी कॅसेट आधी दोन्ही बाजूंनी वाजवून पाहा. ती फीत न गुंडाळता, न चुरगळता शेवटपर्यंत गेली, तर ओव्यांची कॅसेट लावा, आणि पहिल्याच वेळी डेकची तार संगणकाला जोडून ध्वनिमुद्रण सुरू करूनच लावा. इतक्या जुन्या फितीला दुसऱ्यांदा वाजवण्याची संधी मिळेलच असे धरून चालू नये.